इंग्लंडात टॅक्सीचं पासिंग : आरटीओ शोधू नका, कौन्सिल गाठा

आपल्याकडून नवीन आलेला कुणी टॅक्सी चालवायचं म्हणाला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, इथलं आरटीओ कुठंय?" इथे तसं एक ऑफिसच नाही. गाडी चालवायचं लायसन्स देतं स्वानसीचं डीव्हीएलए, दरवर्षीची एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याची तपासणी) करतात गल्लोगल्लीची गॅरेजं, आणि टॅक्सीचं पासिंग असतं गावच्या कौन्सिलकडे. काही भागांत कौन्सिलीही दोन असतात, एक काउंटीची आणि एक डिस्ट्रिक्टची. तिथे सोपी खूण म्हणजे जी तुमच्या दारातला कचरा उचलते, तीच टॅक्सीला प्लेट, म्हणजे गाडीचं टॅक्सी-लायसन्स, देते. लंडनचा कारभार मात्र ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आहे, आणि स्कॉटलंडचा कायदाच वेगळा. मी मिडलँड्समध्ये गेली अकरा वर्षं प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुकिंग घेऊनच धावणारी टॅक्सी, चालवतोय, तेव्हा लंडनबाहेरच्या इंग्लंडपुरतंच बोलतो.

गाडीआधी तुमचं स्वतःचं बघा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला परवानगी नाही, आणि टॅक्सीवाला बहुतेक वेळा स्वतःच्या धंद्यातच मोडतो. त्यामुळे कुणी "चालतंय रे" म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका. आपल्या भारतीय लायसन्सवर इथे खाजगी गाडी १२ महिने चालवता येते, पण ते बदलून मिळत नाही. इथली टेस्ट पास व्हायची, मग ते लायसन्स वर्षभर जुनं होऊ द्यायचं, तेव्हा कुठे बॅजचा, म्हणजे कौन्सिलच्या टॅक्सी-ड्रायव्हर लायसन्सचा, अर्ज. म्हणजे आल्या आल्या टॅक्सी हे गणित बसतच नाही.

आता गाडी. एमओटी झाली म्हणजे पासिंग झालं, असं समजू नका. एमओटीचे नियम देशभर एकच आहेत. कौन्सिलची तपासणी त्याच्यावर चढलेली असते, आणि ती प्रत्येक कौन्सिल आपल्या पद्धतीने ठरवते. काहींचा स्वतःचा डेपो असतो, जिथे कचऱ्याच्या गाड्याही दुरुस्त होतात. काही कौन्सिली गावातली चार-पाच गॅरेजं नेमून देतात आणि त्या यादीबाहेरचा कागद चालत नाही. कुठे फी गाडीच्या लायसन्सच्या पैशातच धरलेली असते, कुठे दर वेळी वेगळी. नव्या गाडीला वर्षातून एकदा बोलावतात, गाडी म्हातारी झाली की सहा महिन्यांनी, कुठे चार महिन्यांनी. टॅक्सी-लायसन्सचा १९७६ चा कायदा सांगतो की वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा बोलावता येत नाही, म्हणून चार महिन्यांच्या खाली कुणी उतरत नाही.

म्हणून गाडी घेण्याआधी आपल्या कौन्सिलची पॉलिसी वाचा. कंटाळवाणी असते, पण वाचा. आमच्या ओळखीतल्या नाशिकच्या एका मुलाने झकास सात सीटर घेतली. मागच्या काचा काळ्या होत्या. त्याच्या कौन्सिलला तेवढ्या काळ्या काचा चालत नव्हत्या. काचा बदलण्यात त्याची महिन्याची कमाई गेली. शेजारच्या कौन्सिलमध्ये तीच गाडी पास झाली असती.

माझंही सांगतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत गेलो, कारण तीन आठवड्यांपूर्वीच एमओटी पास झाली होती. तपासणाऱ्याने गाडी रोलरवर घेतली, ब्रेक बघितले, मग रॅम्पवर चढवून खालून बॅटरी मारत बुश, पाइप, सायलेन्सर सगळं चाचपलं. मी बाकावर बसून चहा पीत होतो. गाडी खाली आली. प्रत्येक सीटबेल्ट त्याने खस्सकन ओढून बघितला, मधल्या सीटचं बक्कल गादीखाली गेलं होतं तेही हात घालून बाहेर काढलं. मग मागे जाऊन वाकला आणि म्हणाला, नंबर प्लेटच्या दोन दिव्यांपैकी एक गेलाय. एमओटीत हा किरकोळ दोष म्हणून नोंदतात आणि गाडी सोडतात. इथे नापास. दोन पौंडांचा बल्ब. पण फेरतपासणीची वेळ मिळाली मंगळवारची, आणि मधला शुक्रवार-शनिवार, म्हणजे आमच्या धंद्याचा गाभा, गाडी दारात उभी.

तेव्हापासून आदल्या रात्री बायकोला मागे उभं करतो आणि एकेक दिवा लावतो. टायरच्या खाचेत २० पेन्सचं नाणं घालून बघतो. नाण्याची बाहेरची कड दिसली तर टायर संपत आलाय. कायद्याने १.६ मिमी खोली लागते, काही कौन्सिली त्याहून जास्त मागतात. दरवाजावरचे स्टिकर, मागची प्लेट घट्ट आहे ना, अग्निशामक लागत असेल तर त्याची तारीख, आणि सीटचं कापड. कापड फाटलेलं किंवा गाडी घाणेरडी असली तरी परत पाठवतात. आपल्याकडे पासिंगला एजंट सगळं बघतो, ती सवय मोडायला मला वर्ष लागलं. इथे एजंट नसतो. तारीखही महिनाभर आधी घ्या, गाडीचं लायसन्स संपायच्या आठवड्यात जागा मिळत नाही.

वर्षभर निवांत, असंही नाही. कौन्सिलचा माणूस किंवा पोलीस केव्हाही गाडी तपासू शकतो. त्याला पटलं नाही तर गाडीचं लायसन्स जागच्या जागी निलंबित होतं, आणि दोन महिन्यांत गाडी ठीक करून दाखवली नाही तर ते रद्दच झालं असं धरतात. बारीकसा अपघात झाला, गाडीच्या सुरक्षिततेवर किंवा दिसण्यावर परिणाम झाला, तर ७२ तासांत कौन्सिलला कळवायचं. बंपर तर आहे, म्हणून गप्प बसलेले माझे दोन सहकारी पुढच्या तपासणीत जुन्या खुणांवरून पकडले गेले.

विमा 'हायर अँड रिवॉर्ड'चाच, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेण्याचाच, हवा. प्रायव्हेट हायरवाल्याने रस्त्यावर हात दाखवलेलं गिऱ्हाईक उचललं, तर तो गुन्हा आहे आणि वर विमाही हातचा जातो. काळी-पिवळीसारखं नाही ते. हात दाखवून थांबणारी ती हॅकनी, तिची प्लेट वेगळी.

आणि टॅक्सी चालवायची नसली तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कौन्सिलच्या डेपोत एमओटी होत असेल तर तिथे तुमची घरची गाडीही घेतात. ते आपल्यासारख्यांच्या गाड्या दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे नसता खर्च काढून दाखवण्यात त्यांचा काही फायदा नसतो. माझी घरची गाडी मी तिथेच नेतो.