वृद्धाश्रमात शेवटचे दिवस: स्टाफला एकटं पाडणाऱ्या या चुका टाळा

रात्री दोनला आजोबांचा श्वास घरघरायला लागतो, मॅडम फोन उचलत नाहीत, मग मावशी घाबरून १०८ बोलवतात आणि माणूस थेट सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात. कोल्हापुरात हे लई वेळा होतं, आणि बोलणी मात्र मावशींनाच बसतात. चूक त्यांची नसते हो, आधी कुणी काही ठरवलेलंच नसतं! डॉक्टर, घरचे आणि शक्य असेल तर स्वतः आजी-आजोबा यांच्याशी बोलून दवाखान्यात न्यायचं का नाही, त्रास वाढला तर कुठलं औषध, रात्री फोन कुणाला, हे कागदावर लिहून फाईलला लावा. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, तेपण २०२३ पासून सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

दुसरं म्हणजे खायला घालायचा आग्रह. "उपाशी ठेवलं म्हणतील" या भीतीनं मावशी चमच्यानं पेज घालत राहतात, पण गिळता येत नसेल तर ती फुफ्फुसात जाते. शेवटी शेवटी भूक-तहान आपोआप कमी होते हे घरच्यांना तुम्ही सांगा, मावशींवर सोडू नका. ओल्या कापसानं तोंड पुसायचं, ओठांना व्हॅसलिन लावायचं. गंगाजल घालायचं असेल तर तुळशीचं पान बुडवून ओठांना टेकवू द्या, कुणाचं मन मोडायला नको.

घरघरीला सारखं सारखं सक्शन (नळीनं घशातला कफ ओढणं) नको, कुशीवर वळवा, डोकं थोडं वर घ्या. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलेलं त्यांना कळत नाही, शाल पुरे.

मॉर्फिन या दुखण्यावरच्या औषधानं माणूस लवकर जातो असं समजून डोस चुकवतात, हे फार वाईट, दुखणं सोसत पडून राहावं लागतं त्या माणसाला. डॉक्टरांनी ठरवलेला डोस स्वतःहून बंद करायचा नाही, जास्त गुंगी किंवा श्वास मंद वाटला तर लगेच त्यांनाच फोन. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

आणि माणूस गेल्यावर? सकाळी चादर बदलली, दुपारी नवीन ॲडमिशन. ज्या मावशींनी वर्षानुवर्षं न्हाऊ-माखू घातलं त्यांना कुणी विचारतपण नाही. त्यांना दर्शन घेऊ द्या, पंचगंगेवर अंत्यसंस्काराला जायचं असेल तर सुट्टी द्या, रडल्या तर रडू द्या, आणि "तुम्ही नीट केलंत" हे तोंडानं म्हणा. नवीन पेशंट त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे द्या.