आधी रेघ, मग अक्षरं: टॅबवर मराठी नोट्स काढताना

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत रजिस्टरांच्या जोडीला टॅब दिसायला लागले. माझा आला उशिरा, तोही वापरलेला, बारा हजारांचा. त्याआधी मी साडेतीनशे रुपये पाण्यात घातले होते. सुरुवात तिथूनच करते, कारण नवीन येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्यांदा तिथंच फसतात.

भावाचा एक साधा टॅब घरी पडून होता. त्याला चालेल असा पेन बघायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "कुठल्याबी स्क्रीनवर चालतोय की, घ्या बिनधास्त." टोकाला पारदर्शक चकती असलेला पेन होता. चालला, खोटं कशाला बोलू. पण तळहात काचेवर टेकला की पान सरकायचं, नाहीतर मधेच एक तिरपी रेघ उमटायची. दोन आठवडे मी मनगट अधांतरी धरून पंचायत राज लिहिलं आणि खांदा भरून आला. असला पेन म्हणजे नुसतं लांब केलेलं बोट. पेन कुठला आणि हात कुठला हे त्या स्क्रीनला कळतच नाही.

म्हणून टॅब घ्यायचा तर स्वतःचा पेन असलेलाच घ्या. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यापुरती बॅटरी लागत नाही. स्क्रीनखाली तारांची बारीक जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनातल्या वेटोळ्याला ऊर्जा मिळते आणि पेन कुठं आहे ते टॅबला समजतं. ॲपलच्या पेन्सिलला चार्जिंग लागतं. दोन्हींत पेनाचा सिग्नल वेगळा ओळखू येतो, म्हणून हात खुशाल टेकवून लिहिता येतं. जुना आयपॅड स्वस्तात मिळत असेल तर त्याला कुठली पेन्सिल चालते ते आधी तपासा. नवव्या पिढीच्या आयपॅडला पहिल्या पिढीचीच पेन्सिल चालते. २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी पेन्सिल त्याला चालत नाही. या यूएसबी-सी पेन्सिलीला दाब कळत नाही म्हणून चित्रं काढणारे नाकं मुरडतात, पण आपल्याला नोट्सच काढायच्या आहेत.

मी घेतला गॅलेक्सी टॅब एस६ लाइट. स्क्रीन १०.४ इंच. ऐकायला मोठा वाटतो, पण ए-फोर कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १४ इंचांच्या वर भरतो. म्हणजे हातात येतं ते जेमतेम ए-फाइव्ह, ए-फोरचं अर्धं पान. त्यावर ए-फोरचा साचा उघडून लिहायला बसलं की अक्षर एक तर मुंगीएवढं होतं, नाहीतर सतत झूम करत बसावं लागतं. पान लहानच निवडा.

आता खरं दुखणं सांगते. ते कुठल्या व्हिडिओत मला सापडलं नाही, कारण ते सगळे इंग्रजी लिहून दाखवतात.

ॲपमधल्या रेघा रोमन लिपीसाठी आखलेल्या असतात. ती अक्षरं रेघेवर बसतात. आपली अक्षरं रेघेला लटकतात. कागदावर हाताला सवय असते म्हणून हे जाणवत नाही. काचेवर पेन घसरतो आणि शब्द झाल्यावर वरून शिरोरेखा द्यायला गेलं की ती तिरकी पळते, कधी वेलांटी कापते. कंटाळून मी शिरोरेखा सोडून दिली. वेग वाढला, मी खूश. महिन्याभरानं उजळणीला बसले तर माझ्याच पानावर 'घटनादुरुस्ती' होती का 'धटनादुरुस्ती', कळेना. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातला फरक बराचसा वरच्या रेघेतल्या फटीवर उभा आहे. रेघच नाही म्हटल्यावर फट कुठून दिसणार?

तोडगा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं दिला. तिनं मोडी शिकून घेतलीय, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले संस्थानी कागद वाचायची तिला हौस आहे. माझं पान बघून म्हणाली, "अगं, मोडीत मी रेघ आधी मारतो, मग अक्षरं टांगतो. तुझ्याकडं तर रेघ आयतीच हाय की!"

तेव्हापासून मी साचाच बदलला. एका कोऱ्या पानावर स्वतः रेघा आखल्या, जरा गडद, आणि दोन रेघांत नेहमीच्या दीडपट अंतर, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना जागा लागते. त्या पानाची पीडीएफ करून ॲपमध्ये घेतली आणि तिच्यावर लिहायला लागले. आखलेली रेघ हीच शिरोरेखा. म, घ, य तिला चिकटवायचे. भ, ध, थ यांचं डोकं किंचित खाली ठेवायचं. एक फायदा तर ध्यानीमनी नव्हता. खोडरबर 'पूर्ण रेघ पुसा'वर असला की हातानं दिलेली लांब शिरोरेखा एका स्पर्शात अख्खी उडते. साच्यातली रेघ जागची हलत नाही.

ॲपबद्दल फार बोलत नाही. सॅमसंग नोट्स फुकट आहे आणि मला पुरतं. वननोटचं पान चहूबाजूंनी वाढत जातं, ते वाचायला छान, पण छापायला गेलं की तक्ते मधूनच तुटतात. आयपॅडवाल्या मैत्रिणी गुडनोट्स वापरतात. ॲप बदलत बसण्यात माझा एक अख्खा महिना गेला, तेवढं तुम्ही टाळा. हस्ताक्षरातून शोधायची सोय मोठी वाटते, पण माझी मराठी तिला नीट वाचता आली नाही. म्हणून प्रत्येक वहीचं शीर्षक मी टाइप करते: 'सत्यशोधक समाज १८७३', 'शाहू महाराज आरक्षण १९०२'. शोधलं की लगेच सापडतं.

काचेवर कागदासारखी मॅट फिल्म लावली की घसरणं कमी होतं, पण पेनाची निब लवकर झिजते आणि नकाशे थोडे धुरकट दिसतात. मी लावलीय, निबा जादा घेऊन ठेवल्यात.

बॅकअपचं मात्र ऐका. २०१९ च्या पुरात मावशीच्या तळमजल्यावर ठेवलेला माझा कागदी नोट्सचा गठ्ठा लगदा झाला होता. टॅबवर असं होणार नाही अशी माझी ठाम समजूत. मग एकदा टॅब अडकला, दुरुस्तीत रीसेट करावा लागला, आणि सिंक, म्हणजे नोट्सची प्रत आपोआप इंटरनेटवर जायची सोय, मीच बंद ठेवलेलं होतं. दोन महिन्यांचा आधुनिक महाराष्ट्र गेला. पूर आला नव्हता, नुसतं एक बटण बंद होतं. आता दर रविवारी रात्री पीडीएफ काढून ड्राइव्हवर टाकते. ॲपच्या स्वतःच्या फाइलवर भिस्त ठेवत नाही, कारण ती दुसऱ्या ॲपमध्ये उघडेलच असं नाही.

एक चूक अजून निस्तरतेय. गुणांत धरले जाणारे लेखी पेपर सात, प्रत्येकी २५० गुणांचे, एकूण १७५०, आणि सगळे कागदावर पेनानं. मी मात्र चार महिने उत्तरलेखनाचा सरावही टॅबवरच केला. पहिल्या सराव चाचणीत दुसऱ्याच तासाला अंगठा आखडला. एक वाक्य चुकलं तर बोट आपोआप पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेलं, मागं घ्यायचं बटण शोधायला. आणि तपासून आलेल्या पेपरात सरांनी 'मारताचे परराष्ट्र धोरण' यातल्या पहिल्या अक्षराला लाल गोल केला होता. कोऱ्या कागदावर आखलेली रेघ नव्हती आणि हातानं शिरोरेखा द्यायची सवय मोडलेली.

आता सकाळचे तीन तास टॅब पिशवीतून बाहेरच काढत नाही. झेरॉक्सवाल्याकडून कोऱ्या ए-फोरचा गठ्ठा आणलाय, त्यावर रोज दोन उत्तरं, शिरोरेखेसकट.