दोघांचंच लग्न, डोंगरात: आखणी कशी करायची

चार तास चढून खिंडीत पोचलो, दोघांनी एकमेकांना वचनं वाचून दाखवली, आणि अंगठी काही तिच्या बोटात जाईना. पेरापर्यंत जायची आणि अडायची. तिचे डोळे भरून आले. सॅक पाठीवर घेऊन, हात खाली सोडून तासन्‌तास चाललं की बोटं सुजतात, एवढंच झालं होतं. मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि तिला दोन्ही हात डोक्यावर धरून मुठी मिटायला-उघडायला सांगितलं. तिला एकटं वाटू नये म्हणून तोही समोर तसाच हात वर करून उभा राहिला. दहा मिनिटांनी अंगठी अलगद गेली. त्यांच्या घरात आज भिंतीवर फोटो लागला आहे तो हात वर केलेल्या त्या दोघांचा.

मी डोंगरातली लग्नं टिपते. दोघंच असतात, फार तर चार-सहा जिवाभावाची माणसं. माझं स्वतःचं लग्नही असंच झालं. अशा लग्नाला एलोपमेंट म्हणतात. मूळ शब्द पळून जाण्याचा असला तरी माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी कुणापासून पळत नसतात, त्यांना तो एक दिवस गर्दीशिवाय हवा असतो. असा दिवस कसा आखायचा ते, चुकत-माकत शिकले तसं, सांगते.

आधी वेळ, मग जागा

जोडपी येतात ती एक फोटो घेऊन. निळं तळं, मागे हिमशिखर, वाऱ्यावर उडणारा पदर. मी आधी विचारते, तुमच्यातलं हळू चालणारं कोण? दिवस त्या माणसाच्या पायांनी मोजायचा.

चालण्याचा हिशोब जुना आणि सोपा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे वाट ६ किलोमीटरची आणि चढ ६०० मीटरचा असेल तर सव्वादोन तास. हा आकडा सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. लग्नाचे कपडे पाठीवर, पोटात फुलपाखरं, आणि दर वळणावर थांबून बघावंसं वाटणारं दृश्य, म्हणून मी त्याला दीडने गुणते. झाले जवळजवळ साडेतीन तास. वर पोचल्यावर अर्धा तास नुसतं बसायला, पाऊण तास कपडे बदलायला. प्रत्यक्ष विधीला वीस मिनिटं पुरतात. उतरायला चढाईइतकाच वेळ धरा. दमलेले गुडघे उतारावर जास्त बोलतात.

आता हा सगळा वेळ उजेडाशी जुळवायचा. मोबाइलवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. दरीत सूर्य समोरच्या डोंगरधारेमागे तासभर, कधी दोन तास आधीच जातो. पहिल्या वर्षी मी हे विसरले आणि एका जोडप्याला सोनेरी उजेडाऐवजी निळसर सावलीत उभं केलं. तेव्हापासून आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर जाऊन बसते. हात लांब करून बोटं आडवी धरायची आणि सूर्य व धार यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते मोजायचं. एका बोटाची साधारण पंधरा मिनिटं, चार बोटांचा तास. अंदाजच आहे, पण कामाला येतो.

सकाळ की संध्याकाळ, असं विचाराल तर माझं उत्तर सकाळ. अंधारात हेडटॉर्च लावून चढा, पहिल्या किरणाला लग्न करा, भर उजेडात उतरा. उन्हाळ्यात बहुतेक उंच डोंगरांवर दुपारी ढग जमतात आणि गडगडाट सुरू होतो, त्यामुळे मी दुपारच्या आत धार सोडते. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा; तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे वीज दहा किलोमीटरवर. तेवढ्यावर आली की विधी अर्धा राहिला तरी उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर यायचं नाही. हे आदल्या रात्रीच दोघांनी मान्य करून ठेवावं. सजलेल्या माणसाला वर उभं असताना 'चला खाली' म्हणणं फार अवघड जातं.

ऋतूबद्दल एकच सांगते. फोटोत बघितलेलं तळं कोणत्या महिन्यातलं आहे ते शोधा. उत्तर गोलार्धातल्या उंच तळ्यांवर जूनमध्येही बर्फ असू शकतो आणि खिंडीतली वाट तेव्हा बंदच असते.

उंचीचा मान ठेवा

एक जोडपं पहाटे निघून गाडीने थेट ३,५०० मीटरवर आलं. दुपारी नवरदेवाचं डोकं फुटायला लागलं, मग उलट्या. तो 'थोडं थांबू, बरं वाटेल' म्हणत राहिला. मी ऐकलं नाही, लगेच खाली आणलं. दुसऱ्या दिवशी दरीतल्या ओढ्याकाठी, देवदारांच्या सावलीत त्यांचं लग्न झालं आणि तो हसत उभा होता.

२,५०० मीटरच्या वर हा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुण आणि धडधाकट माणसालाही. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही खालच्या तुलनेत तेवढाच मिळतो. त्यामुळे मुक्काम हळूहळू वर न्यायचा. ३,००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. लग्नाच्या आधी निदान दोन रात्री मधल्या उंचीवर काढा. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच क्षणी उतरायचं, रात्र असली तरी. उंचावर ऊनही कडक लागतं: दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली बरीचशी खालून परत तोंडावर फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. तिथे भाजलेल्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत.

कागद खाली, शब्द वर

कायदा प्रत्येक देशाचा, कधी प्रत्येक राज्याचा वेगळा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जोडप्याने स्वतःच लग्न लावून कागदावर सही केली तरी चालते, साक्षीदारही लागत नाही. परवाना मात्र ३५ दिवसांच्या आत वापरावा लागतो. न्यूझीलंडमध्ये सेलिब्रंट, म्हणजे लग्न लावायचा अधिकार असलेली व्यक्ती, आणि दोन साक्षीदार हवेतच. स्वित्झर्लंडमध्ये नोंदणी अधिकाऱ्यासमोरचं लग्न आधी, बाकी सगळं नंतर. परदेशी जोडप्याला आणखी कागद लागतात आणि त्यांचं भाषांतर, शिक्के यांत आठवडे जातात. जिथे सोपं नाही तिथे मी सांगते की नोंदणी आपल्या गावात शांतपणे उरकून घ्या आणि डोंगर शब्दांसाठी ठेवा. त्याने त्या सकाळचं मोल तसूभरही कमी होत नाही.

जागेची परवानगी हा निराळा कागद, आणि तो बहुतेक जण विसरतात. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात लहानशा लग्नालाही परवाना लागतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवायला बंदी आहे. तुम्ही निवडलेलं रान कुणाच्या ताब्यात आहे, वनखात्याच्या, उद्यानाच्या की गावाच्या, ते आधी शोधा आणि त्यांनाच विचारा.

दुसरी जागा

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. पहिली जागा निवडाल त्याच मनाने दुसरी निवडा. जोडपी तिला 'पाऊस आलाच तर' म्हणून कागदाच्या तळाशी लिहितात, कधी बघायलाही जात नाहीत. मग पाऊस येतो आणि तिथे उभं राहताना चेहऱ्यावर हरल्याचा भाव असतो. तो फोटोत लपत नाही.

दुसरी जागा खालची हवी, वाऱ्यापासून आडोशाची, आणि गाडीरस्त्यापासून अर्ध्या तासाच्या आत. तिथे आधी दोघं जा. डबा उघडून बसा. पाण्याचा आवाज कुठून येतो, उजेड कोणत्या दगडावर पडतो ते बघा. त्या जागेची एखादी आठवण आधीच तयार झाली की लग्नाच्या दिवशी तुम्ही ओळखीच्या ठिकाणी जाता.

आम्ही दोघांनी धारेवरचं पठार निवडलं होतं. पहाटे तंबूचं दार उघडलं तर दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं, वारा उभं राहू देत नव्हता. आदल्या संध्याकाळी आम्ही ज्या कातळाखाली बसलो होतो तिथे गेलो. पुढे आलेल्या कातळाच्या कडेवरून पाण्याची धार पडत होती, झालरीसारखी, आणि आम्ही दोघं तिच्या आतल्या बाजूला कोरडे. मला शब्द मोठ्याने वाचावे लागले. मी त्याच्या कानाशी जाऊन वाचले.

पाठीवर काय

कपडे घालून चढू नका, पाठीवर न्या. रेशीम किंवा शिफॉनसारखं पातळ कापड गुंडाळून जलरोधक पिशवीत मावतं आणि वर जाऊन झटकलं की सुरकुत्या बऱ्याच मोकळ्या होतात. चढताना अंगात सुती काही नको. घामाने भिजलेलं सूत थांबल्याबरोबर गारठवतं. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वारा त्यात आणखी भर घालतो. नवरीच्या कपड्यांच्या आत लोकरीचा पातळ थर बसेल अशी मापं शिंप्याला आधीच सांगा. कपडे बदलताना उभं राहायला एक जुनी चादर घ्या. बूट जुने, पायाला सरावलेले. नव्या बुटांचे फोड दिवस खातात.

अंगठ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. घसाऱ्याच्या दगडांत पडलेली अंगठी मी दोन तास शोधली आहे, सापडली नाही. वचनं मोबाइलवर ठेवू नका, थंडीत बॅटरी बघता बघता बसते. जाड कागदाच्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई गोठते, ओल्या कागदावर पसरते. सहीसाठी पेन लागणारच असेल तर आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

आणि घरी असलेल्या एका माणसाकडे वाट, परतीची वेळ आणि 'इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं' हे लिहून द्या. नेटवर्क नसलेल्या भागात उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र भाड्याने घ्या, पण आधी त्या देशात ते वापरायला परवानगी आहे का ते बघा. शिट्टी गळ्यात असू द्या: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. बऱ्याच देशांत डोंगरात मदतीची हाक अशी मारतात. वाट ओळखीची नसेल तर स्थानिक वाटाड्या घ्याच, साक्षीदार म्हणूनही त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही.

मागे काही ठेवू नका

फुलांच्या पाकळ्या, तांदूळ, चमकी, काहीही उधळू नका. बाहेरचं बी तिथे रुजू शकतं, चमकी पाण्यात जाते. उंच कुरणांवर गादीसारखी दिसणारी हिरवी झाडं असतात, गुलाबी फुलांची. मॉस कॅम्पिअन त्यातलंच. त्याला पहिलं फूल यायला दहा-दहा वर्षं लागू शकतात आणि आपण फोटोसाठी त्यावर गुडघा टेकतो. वाटेवर, खडकावर किंवा बर्फावर उभे राहा. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून बसा, आणि कागद परत आणा. हे मी जोडप्यांना पहिल्याच भेटीत सांगते. आधी लाजतात, मग आभार मानतात.

घरच्यांना

कुणाला आधी सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच म्हणेन की ज्यांच्याशी बोलणं चालू आहे त्यांना बातमी फोटोतून कळू नये. काही जोडपी घरच्यांकडून आधी पत्रं मागवून घेतात आणि वर जाऊन उघडतात. एका मुलीच्या आजीने चार ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचताना वाटाड्याही तोंड फिरवून उभा राहिला.

उतरताना नेटवर्क पहिल्यांदा कुठे येतं ते आदल्या दिवशी बघून ठेवा, आणि पहिला फोन कुणाला हेही. आमच्या वाटेवर ते एका वळणावरच्या मोठ्या दगडापाशी यायचं. तिथे ओल्या कपड्यांनी उभी राहून मी आईला फोन लावला. तिने आधी विचारलं, "डोकं पुसलंस का?" मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही, आणि तो शेजारी माझी सॅक धरून उभा होता.