कन्सोल गेमचे गुण-दोष ओळखायला शिकताना

गेमची परीक्षणं लिहायला नव्यानं सुरुवात करणारी मुलं-मुली पहिला मसुदा अनेकदा मला वाचायला पाठवतात. बहुतेकांचा साचा एकच असतो. ग्राफिक्स, आवाज, कथा, गेमप्ले अशी चार खाती, प्रत्येकात दोन-तीन वाक्यं आणि शेवटी 'काय आवडलं', 'काय खटकलं' अशा दोन याद्या. मेहनत दिसते, गेम मनापासून खेळल्याचंही जाणवतं. पण तो गेम हातात घेतल्यावर नेमकं काय घडतं, हे वाचून कळत नाही. इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय: गेमचे गुण आणि दोष पुष्कळदा एकाच निर्णयाच्या पोटी जन्मतात. बनवणाऱ्यांनी कुठेतरी काहीतरी ठरवलेलं असतं आणि त्याचा फायदाही खेळणाऱ्याला मिळतो, किंमतही तोच मोजतो. तो निर्णय हुडकून काढायला शिकलात की परीक्षण आपोआप उभं राहतं.

2005 साली प्लेस्टेशन 2 वर आलेला 'शॅडो ऑफ द कोलोसस' घ्या. भलंमोठं पठार, त्यात सोळा महाकाय प्राणी, आणि मधल्या वाटेवर ना गाव, ना किरकोळ शत्रू. यादी करायला बसलात तर दोषांच्या बाजूला पटापट लिहाल: जग रिकामं, फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या) घसरतो, कॅमेरा हट्टी, घोडा सांगितल्याबरोबर ऐकत नाही. आता यातली एकेक गोष्ट मनातल्या मनात काढून पाहा. वाटेत शत्रू भरले तर? महाकाय समोर आल्यावर छातीत जे धस्स होतं, ते निम्म्यावर येईल, कारण तोवर तुमची पंचवीस लढायांची सवय झालेली असेल. म्हणजे रिकामेपणा हा या गेमचा कणा आहे. फ्रेम रेट स्थिर केला तर? काहीच बिघडणार नाही, उलट लढाई जास्त स्पष्ट दिसेल. 2018 साली प्लेस्टेशन 4 वर त्याचा रिमेक, म्हणजे नव्यानं बनवलेली आवृत्ती, आला तेव्हा नेमकं हेच झालं. चित्र गुळगुळीत झालं, पठार मात्र तसंच ओसाड ठेवलं.

'हे काढलं तर काय बिघडेल?' हा प्रश्न मी प्रत्येक गेमला विचारतो आणि तुम्हीही विचारा. 'रेसिडेंट ईव्हिल 4' च्या 2005 च्या मूळ आवृत्तीत बंदूक रोखली की पाय जागच्या जागी खिळतात. आज खेळणाऱ्याला ते विचित्र वाटतं. पण त्या गेममधले शत्रू त्या बंधनाला धरूनच आखलेले आहेत. ते तुमच्याकडे येतात, जवळ आल्यावर जरा रेंगाळतात, आणि पळायचं की गोळी झाडायची हे त्या क्षणी ठरवावं लागतं. 2023 च्या रिमेकमध्ये चालता चालता नेम धरता येतो. मग तोल राखण्यासाठी शत्रू जास्त आक्रमक करावे लागले आणि सुरीनं वार अडवण्याची सोय द्यावी लागली. एक दोरा ओढला की सगळी वीण हलते. म्हणून 'कंट्रोल जुनाट आहेत' एवढं लिहून थांबू नका. त्या कंट्रोलभोवती बाकीचा गेम कसा बांधलाय, तेही बघा.

आता हाताकडे वळू, कारण कन्सोल गेमची परीक्षा डोळ्यांआधी अंगठ्यांत होते. नवीन गेम सुरू केला की मी कथेच्या मागे लगेच धावत नाही. पहिल्या मोकळ्या जागेत थांबतो आणि नुसता फिरतो. कंट्रोलरवरची काठी अंगठ्यानं थोडीशी ढकलली तर पात्र हळू चालतं का, की थेट धावतंच? धावताना एकदम उलट वळलं तर किती वेळ जातो? वार करायला बटण दाबलं आणि मध्येच बचाव करायचा ठरवला, तर गेम ऐकतो का, की सुरू झालेलं ॲनिमेशन पूर्ण होईपर्यंत ताटकळत ठेवतो? ही सगळी उत्तरं मला कुठल्याही ट्रेलरमध्ये मिळत नाहीत.

उडीचं उदाहरण जरा जवळून पाहू. 'सेलेस्ट' हा 2018 चा गेम अवघड म्हणून ओळखला जातो, तरी तो अन्यायकारक वाटत नाही. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा साधारण दहावा भाग तुम्हाला उडी मारता येते. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं, तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. खेळणाऱ्याला या सवलतीचा पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं, आपण अचूक वेळ साधली. हे पाहायचं असेल तर मुद्दाम कड्यावरून चालत पुढे जा आणि उशिरा उडी मारा. मग असंच दुसऱ्या एखाद्या उडीच्या गेममध्ये करून बघा. दोन्हीतला फरक बोटांना कळला की 'कंट्रोल छान आहेत' या पोकळ वाक्याच्या जागी तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

अवघडपणाबद्दलही असंच. मेल्यावर स्वतःला विचारा: मी का मेलो, हे मला माहीत आहे का? माहीत असेल तर गेम कठीण आहे. माहीत नसेल, किंवा कॅमेरा भिंतीत अडकल्यामुळे वार दिसलाच नसेल, तर ती त्रुटी आहे. आणि मरणानंतरचं अंतर मोजा. पुन्हा त्याच बॉससमोर (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूसमोर) उभं राहायला किती वेळ लागतो? 'डार्क सोल्स' मध्ये मेल्यावर जिथे पुन्हा उठता त्या शेकोटीपासून बॉसपर्यंतची धाव कित्येक ठिकाणी लांबलचक होती. त्याच स्टुडिओच्या 2022 च्या 'एल्डन रिंग' मध्ये बऱ्याच बॉसच्या दारापाशीच पुन्हा उठण्याची सोय आली. बॉस काही सोपे झाले नाहीत, फक्त शिकण्याच्या दोन प्रयत्नांमधली वणवण कमी झाली. बनवणारेच आपल्या जुन्या निर्णयाचा असा फेरविचार करतात, तेव्हा त्यातून परीक्षकानं खूप शिकण्यासारखं असतं.

तांत्रिक बाजूला नवखे लोक एक तर घाबरतात, नाहीतर तिच्यात वाहून जातात. किमान एवढं पक्कं समजून घ्या. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे 33 मिलिसेकंद पडद्यावर राहतं. 60 फ्रेम असतील तर सुमारे 17. पण सरासरी आकड्यापेक्षा चित्रं समान अंतरानं येतात का, याला जास्त महत्त्व आहे. 'ब्लडबॉर्न' 30 फ्रेमचा गेम आहे, पण त्यातली चित्रं सारख्या अंतरानं येत नाहीत, म्हणून आकडा 30 दिसत असतानाही हालचाल अडखळल्यासारखी वाटते. हे ओळखण्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. मोकळ्या जागेत उभं राहून कॅमेरा एका संथ गतीनं गोल फिरवा आणि खांब किंवा झाडासारख्या उभ्या कडेवर नजर ठेवा. झटके लगेच दिसतात. मग तेच गर्दीच्या जागी करा. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर बहुतेक वेळ नीट चालतो, पण त्यातल्या कोरोक जंगलात शिरलं की तो मंदावलेला कोणालाही जाणवतो. आणि हो, टीव्हीचा गेम मोड (चित्र कमीत कमी उशिरानं दाखवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय 'कंट्रोलला लॅग आहे', म्हणजे बटण दाबल्यावर उशीर होतो, असं कधीही लिहू नका. तो विलंब टीव्हीचा असू शकतो.

कुठल्या कन्सोलवर, कुठल्या मोडमध्ये खेळलात, हे परीक्षणात सुरुवातीलाच सांगा. आजच्या पुष्कळ गेममध्ये चित्राच्या दर्जाला प्राधान्य देणारा एक मोड आणि वेगाला प्राधान्य देणारा दुसरा असतो, आणि दोन्हींचा अनुभव वेगळा असतो. स्विचचा गेम असेल तर टीव्हीला जोडूनही खेळा आणि हातात धरूनही. याचं महत्त्व 'सायबरपंक 2077' नं सगळ्यांना दाखवून दिलं. डिसेंबर 2020 मध्ये तो बाजारात येण्याआधी परीक्षकांना फक्त पीसीच्या प्रती मिळाल्या होत्या. गुणांचा पाऊस पडला. मग लोकांनी प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर तो सुरू केला तेव्हा परिस्थिती इतकी वाईट निघाली की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं आठवड्याभरातच गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परत आला जून 2021 मध्ये. जे पाहिलं नाही, त्याबद्दल वाचकाला स्पष्ट सांगणं हा या कामातला पहिला प्रामाणिकपणा आहे.

पण तंत्राच्या मर्यादा दिसल्या की लगेच दोष म्हणून शिक्का मारू नका. 1999 च्या 'सायलेंट हिल' मधलं धुकं पहिल्या प्लेस्टेशनला दूरचं काही काढून दाखवता येत नव्हतं म्हणून आलं. त्याच धुक्यानं त्या गावाला भीती दिली. समोर काय आहे ते दिसत नाही, फक्त रेडिओची खरखर वाढत जाते. मर्यादा लपवायला आणलेली गोष्ट त्या मालिकेची ओळख ठरली.

काही दोष मात्र खरोखर साधे असतात आणि त्यांना तसंच म्हणावं. सोफ्यावरून वाचता न येणारी अक्षरं हा असाच एक. 'द विचर 3' सारख्या नावाजलेल्या गेमलाही 2015 मध्ये पॅच (दुरुस्तीचा अपडेट) काढून अक्षरं मोठी करावी लागली. सबटायटलचा आकार, रंगांधळ्यांसाठी सोय, बटणं बदलण्याची मुभा, बटण सतत दाबत राहण्याऐवजी धरून ठेवण्याचा पर्याय हे सगळं मेनूत जाऊन तपासा. 'द लास्ट ऑफ अस भाग 2' मध्ये 2020 साली असे 60 हून अधिक पर्याय होते आणि दृष्टी नसलेले खेळाडूही तो पूर्ण करू शकले. हा मुद्दा शेवटच्या ओळीत कोंबायचा नाही. कोणीतरी फक्त त्यासाठीच तुमचं परीक्षण उघडलेलं असेल.

वेळेचं काय? पहिल्या दोन-चार तासांवर मत बनवणं सगळ्यात धोक्याचं, कारण कुठलाही स्टुडिओ सुरुवात सगळ्यात जास्त घासूनपुसून ठेवतो. पुन्हा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' कडे पाहा. त्यात शस्त्रं मोडतात. सुरुवातीला हा निर्णय अफलातून वाटतो, कारण हाती येईल ते वापरून पाहावं लागतं, काठी, पळी, शत्रूचा तुटलेला हातसुद्धा. तीसेक तासांनंतर तोच नियम उलटतो. चांगली तलवार मिळाली की ती मोडू नये म्हणून पिशवीतच राहते आणि लढाया टाळाव्याशा वाटू लागतात. नियम तोच, अनुभव दोन. परीक्षणात हे दोन्ही टप्पे यायला हवेत. म्हणून मध्यावर आणि शेवटाकडे वेगळी टिपणं काढा, आणि टिपणात मत लिहायच्या आधी घटना लिहा. 'कंटाळा आला' असं लिहिलेलं महिन्यानं काही सांगत नाही. 'चौथ्यांदा तोच बुरूज चढलो, वर नवीन काहीच नव्हतं' हे वाक्य मात्र तसंच्या तसं परीक्षणात जाऊ शकतं.

पैशाचा भागही गेमचाच भाग समजा. तुम्हाला प्रत फुकट मिळाली असली तरी वाचक पैसे मोजणार आहे. गेममध्ये आणखी खरेदी आहे का, ती सजावटीपुरती आहे की ताकद विकत घेता येते, आणि विकत न घेणाऱ्याला मुद्दाम रखडवलं जातं का, हे खेळून पाहावं लागतं. 'क्रॅश टीम रेसिंग' चा रिमेक जून 2019 मध्ये आला, परीक्षणं छापून झाली, आणि खऱ्या पैशांनी नाणी विकत घेण्याची सोय ऑगस्टमध्ये आली. म्हणून परीक्षणावर तारीख आणि गेमच्या आवृत्तीचा क्रमांक टाकायची सवय लावा. मोठा बदल झाला तर पुन्हा खेळून, जुना मजकूर न पुसता खाली नवी नोंद जोडा. 2016 चा 'नो मॅन्स स्काय' आणि त्यानंतर अपडेट येत येत घडलेला गेम यांत इतकं अंतर पडलं की एकाच मजकुरात दोन्ही मावणार नाहीत.

आकड्यांतल्या गुणांबद्दल नवखे फार विचारतात. जपानच्या 'फामित्सु' या गेमविषयक नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज छापली जाते. मला ही पद्धत आवडते, कारण चौघांतला मतभेद झाकला जात नाही. अनेक परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटच्या सरासरीत तो झाकला जातो. सगळ्यांनी सात दिलेला गेम आणि निम्म्यांनी दहा, निम्म्यांनी चार दिलेला गेम हे दोन अगदी वेगळे गेम असतात, पण सरासरी दोघांचीही सातच येते. तुमच्या संपादकाला गुण हवे असतील तर द्या, मात्र मजकूर लिहून झाल्यावरच. आणि परीक्षण संपवेपर्यंत इतरांचे गुण वाचू नका, नाहीतर तुमचा आकडा नकळत त्यांच्याकडे सरकतो.

सुरुवात कशानं करायची? नुकत्याच आलेल्या, सगळे ज्याच्यावर लिहितायत अशा गेमनं करू नका. आठ-दहा तासांत संपणारा एखादा जुना गेम घ्या, दोनदा खेळा, दुसऱ्यांदा वेगळ्या काठिण्यपातळीवर. मग त्यातला एकच निर्णय निवडा: सेव्ह कुठे होतं, नकाशा किती दाखवतो, गोळ्या किती मिळतात, काहीही. त्या एका निर्णयानं खेळणाऱ्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं, एवढ्यावर पाचशे शब्द लिहा. ग्राफिक्सचा उल्लेख त्यात आलाच तर त्या निर्णयाच्या ओघात येऊ द्या. असे चार-पाच लेख तयार झाले की ते घेऊन संपादकांकडे जा. मी नवीन लिहिणाऱ्यांचं काम बघतो तेव्हा असाच एखादा लेख आधी शोधतो.