तिसरा मॅट्रिक्स लावायचाच असेल तर

पोट्ट्यांनी हट्ट धरला की मी अंगणात चादर ताणून प्रोजेक्टर लावतो. पहिला मॅट्रिक्स, १९९९ चा हॉलिवूडचा पिच्चर, कोणालाही दाखवा, काही सांगावं लागत नाही. तिसऱ्याला मात्र तयारी लागते. मी ती न करता पाहिला होता. २००३ ची दिवाळी सरली होती, पहिल्या वेच्याचा कापूस नुकताच विकला होता, आणि मी अन् एक मित्र आर्वीहून एसटीनं नागपूरला जाऊन तिसरा, ‘रिव्होल्यूशन्स’, पाहून आलो. म्हणजे येणार होतो. शेवटची गाडी हुकली. रात्रभर स्टँडच्या बाकड्यावर त्याचं एकच, “नियो अर्धा पिच्चर होता कुठं राजेहो?” नियो म्हणजे यातला हिरो.

तर पहिलं काम: दुसरा आणि तिसरा हे दोन सिनेमे समजू नका. दोन्हींचं शूटिंग एकाच दमात झालं. दुसरा मे २००३ मध्ये आला आणि ऐन मधात तुटला. तिसरा ५ नोव्हेंबरला. मधले सहा महिने आम्ही पानठेल्यावर बसून आपापली उत्तरं रचली, आणि ती सिनेमापेक्षा भारी निघाली. निम्मी निराशा तिथलीच. दुसरा १३८ मिनिटांचा, तिसरा १२९ चा. शनिवारी एक, रविवारी एक लावा. लाईन कधी जाते ते आधी पाहून घ्या.

लावण्याआधी एवढं सांगा: यात काळे गॉगल आणि हवेतल्या उड्या कमी आहेत, बराचसा सिनेमा मॅट्रिक्सच्या, म्हणजे मशीननं माणसांना गुंगवायला रचलेल्या कॉम्प्युटरच्या खोट्या जगाच्या, बाहेर घडतो. ओरॅकलची (नियोला वाट दाखवणारी भविष्यवाली) बाई बदललेली दिसेल. आधीच्या नटी ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये वारल्या, म्हणून मेरी अ‍ॅलिस आहेत. हे सांगितलं नाही तर कोणीतरी “काऊन, हे दुसरीच हाय ना?” म्हणून ओरडतोच आणि पुढचे चार संवाद जातात.

सुरुवातीचं स्टेशन मात्र नीट पाहू द्या. नियो तिथं अडकतो आणि त्याला रामा-कांद्रा, त्याची बायको कमला आणि लहानगी सती भेटते. ही तिघंही प्रोग्राम, माणसं नव्हेत, आणि तो बाप मुलीसाठी धडपडतोय, नियोशी कर्मावर बोलतोय. आमच्या अंगणात इथं हमखास शांतता होते.

मग झायनची, म्हणजे माणसांच्या शेवटच्या शहराची, लढाई. ती लांब आहे आणि नियो तिच्यात नाही. एकदा मी ती पळवली, तर दार कोणी उघडलं, जहाज कुठून घुसलं, काही कळेना आणि उलटंच झालं. आता पळवत नाही, पोह्यांचा गंज त्याच वेळी बाहेर आणतो. तर्री वाढेस्तोवर लढाई आवरते. नियोची प्रेयसी ट्रिनिटी, तिच्या मरणाला काही उपाय नाही. फार लांबवलंय.

पावसातली मारामारी संपली की थांबवा आणि समजावा, कारण सिनेमा ते धड सांगत नाही. स्मिथ हा हाताबाहेर गेलेला प्रोग्राम स्वतःच्या नकला काढत सगळं मॅट्रिक्स गिळत चाललाय, मशीनलाही तो आवरत नाही. नियो मशीनशी सौदा करतो: त्याला मी पाहतो, तुम्ही झायन सोडा. शेवटी तो लढणं सोडून स्मिथला आपल्यात शिरू देतो. पण त्याचं शरीर तिकडे मशीनला जोडलेलं असतं, म्हणून मशीनला स्मिथपर्यंत वाट मिळते आणि तो पुसला जातो. मागच्या वर्षी हे सांगत होतो तर कापसाच्या गंजीवर लोळत, अंग खाजवत एक पोट्टं बोललं, “म्हंजे कामगंध सापळा. मादीचा वास लावला की बोंडअळीचा पतंग आपल्याच पायानं आत.” वीस वर्षांत मला एवढं सुचलं नव्हतं.

(२०२१ मध्ये चौथाही आला. तो मी लावत नाही, विचारू नका.)

नावं सुरू झाली की प्रोजेक्टर बंद करू नका. त्यावर जे गाणं वाजतं त्यात बृहदारण्यक उपनिषदातलं ‘असतो मा सद्गमय’ आहे, ढोल-ताशाच्या वेगात. आमची म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं सुपातले हात काढून जोडले आणि विचारलं, “झाला का रे पिच्चर? आता पोथी लावली का?”