कष्टकरी बायकांचा बचत गट: आधी सावकार फेडायचा, मग धंद्याचं बघायचं

धुणंभांडी, पोळ्या, भाजीची पाटी, बिगारी, कचरावेचणी. या घरांत कमाई येते, पण थांबत नाही. भाजीवालीचं उदाहरण घ्या. सकाळी मार्केटला जाताना ती ९०० रुपये हातात घेते आणि संध्याकाळी १,००० परत करते. महिन्याचे २६ दिवस धंदा झाला तर नऊशेच्या भांडवलावर २,६०० रुपये व्याज गेलं. तिला पापड लाटायचं प्रशिक्षण देऊन काही होणार नाही. तिला हजार रुपये स्वतःचे हवेत.

म्हणून वस्तीतल्या बचत गटाचं पहिल्या वर्षाचं काम एकच: महागडं कर्ज स्वस्त कर्जाने फेडणं. मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या किराणा दुकानदाराच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते त्यांना स्वयंपाक शिकवायला नव्हे; तो त्यांना येतच होता. तिथेही अडलं होतं भांडवलापाशीच.

कोणाला घ्यायचं

गट दहा ते वीस जणींचा. वीसपर्यंत नोंदणीची गरज नाही, म्हणून त्यावर जाऊ नका. बारा हा सोयीचा आकडा आहे: दोघी-तिघी गैरहजर राहिल्या तरी बैठक होते. एका गल्लीतल्या, पाच मिनिटांत चालत येतील अशाच घ्या. एका घरातली एकच. सासू, सून आणि जाऊ एका गटात असल्या की घरातलं भांडण बैठकीत येतं आणि कर्जाच्या मतदानात तीन मतं एकगठ्ठा पडतात. भाडेकरूंना वगळू नका, पण सोडून जाण्याचा नियम पहिल्याच दिवशी लिहा.

बैठकीची तारीख पगारावरून ठरवा. घरकाम करणाऱ्यांचे पैसे १ ते ७ तारखेच्या दरम्यान येतात, त्यामुळे मासिक बैठक ८ ते १० च्या आत. मजुरीसाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांचा हिशेब आठवड्याचा असतो, त्यांना महिन्याचे २०० जड आणि आठवड्याचे ५० हलके जातात. दोन्ही प्रकारच्या बायका एका गटात कोंबल्या की निम्म्या कायम थकबाकीदार दिसतात, खरं तर चूक तारखेची असते. वेळ रात्री आठनंतरची. दुपारी बैठक ठेवणारे लोक स्वतः कधी चार घरची कामं करत नसतात.

बचतीची रक्कम सगळ्यात अडचणीतल्या बाईला विचारून ठरवा. ती जो आकडा म्हणेल तोच सगळ्यांचा. जास्त बचत करू शकणारीने स्वतंत्र पोस्टात टाकावी. गटात कमी-जास्त बचत आली की हिशेब अवघड होतो आणि 'माझे जास्त आहेत' हे बोलणं सुरू होतं.

भिशीची सवय सगळ्यांना असते, म्हणून फरक आधीच समजावून सांगा. भिशीत पैसा फिरून घरी जातो आणि फेरा संपला की शिल्लक शून्य. गटात पैसा गटातच राहतो, व्याजासकट वाढतो. दिवाळीला सगळं वाटून घ्यायचा ठराव आला तर तो हाणून पाडा. वाटप झालं की सहा महिन्यांनी बँकेला दाखवायला काही उरत नाही.

खातं आणि सह्या

पहिल्या बैठकीत गटाचं नाव, सभासदांची यादी, बचतीची रक्कम, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कोणत्या बँकेत खातं काढायचं याचा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. बचत खात्यासाठी पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि ओळखपत्रं पुरतात. काउंटरवर सगळ्या बाराजणींची कागदपत्रं मागितली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात फक्त पदाधिकाऱ्यांची पुरेशी आहेत, असं शांतपणे सांगा.

व्यवहार तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने. कोऱ्या स्लिपवर आगाऊ सही कधीही नाही. 'मला सुट्टी मिळत नाही, तू सही करून ठेव' इथूनच अपहार सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा चांगल्या बाईकडून, अडचणीच्या दिवशी होतो. बँकेचा मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो तेही ठरवा. पासबुक जिच्याकडे आहे तिच्या मोबाइलवर नको.

बैठक: अर्ध्या तासाचं काम

क्रम बदलू नका. हजेरी, मागचं इतिवृत्त वाचणं, बचत, कर्जाचे हप्ते, दंड, कर्जाची मागणी, शेवटी रोकड मोजणी. पैसे चटईच्या मधोमध ठेवायचे आणि मोठ्याने मोजायचे. सगळ्यांच्या पासबुकात तिथल्या तिथे नोंद. 'उद्या लिहिते' म्हटलं की ती नोंद झाली नाही असं समजा.

चौथ्या महिन्याची बैठक पाहू. बाराजणी, प्रत्येकी २०० रुपये. तीन महिन्यांत ७,२०० जमले, त्यातले ५,००० तिसऱ्या बैठकीत एकीला पाच महिन्यांसाठी दिले, हातात २,२०० राहिले. आज बचत २,४०० आली. कर्जदार बाईने मुद्दलाचे १,००० आणि दोन टक्क्याने १०० व्याज असे १,१०० भरले. उशिरा आलेल्या एकीचा दंड १० रुपये. एकूण रोकड ५,७१०. दुसरीला ५,००० कर्ज दिलं, शिल्लक ७१०.

आता ताळा. एका बाजूला आजवरची बचत ९,६००, व्याज १००, दंड १०, म्हणजे ९,७१०. दुसऱ्या बाजूला बाहेर असलेलं मुद्दल, पहिलीकडे ४,००० आणि दुसरीकडे ५,०००, अधिक शिल्लक ७१०. तेही ९,७१०. या दोन बेरजा जुळल्याशिवाय कोणी उठायचं नाही. वहीला, फोटोकॉपीला खर्च झाला असेल तर तो पहिल्या बाजूतून वजा करायचा. फरक १० रुपयांचा असला तरी त्याच रात्री शोधा. महिन्याभराने तो सापडत नाही, फक्त संशय वाढतो. लिहिणारी मुलगी शाळेतली असली तरी चालेल, पण ताळा मोठ्याने वाचला पाहिजे. वाचता न येणारी बाईसुद्धा दोन आकडे सारखे आहेत की नाहीत हे ऐकून सांगते.

सावकार कसा फेडायचा

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत विश्वास बसला की प्रत्येकीच्या कर्जाची यादी करा: कोणाकडून, किती मुद्दल, महिन्याचं व्याज किती, गहाण काय. बायका सगळं एकदम सांगत नाहीत, नवऱ्याच्या नावाचं कर्ज तर सगळ्यात शेवटी बाहेर येतं. सक्ती नको.

'दहा टक्के' म्हणतात ते महिन्याचे असतात. १०,००० वर दर महिना १,००० व्याज जातं, दहा महिन्यांनी १०,००० भरून झालेले असतात आणि मुद्दल जसंच्या तसं. तेच १०,००० गटाने दोन टक्के मासिक व्याजाने, घटत्या शिलकीवर, दहा महिन्यांसाठी दिले तर पहिला हप्ता १,२००, शेवटचा १,०२०, एकूण व्याज १,१००. बाईच्या हातून जाणारी रक्कम थोडीच वाढते, पण कर्ज संपतं. सरळ व्याज लावलं असतं तर तेच २,००० झालं असतं. बरेच गट अजाणतेपणी तसं करतात, कारण दर महिन्याला २०० लिहिणं सोपं पडतं.

इथे एक अडचण येते. खासगी सावकार मुद्दल तुकड्यातुकड्याने घेत नाही, त्याला व्याजच हवं असतं. म्हणून गटाने निम्मं कर्ज फेडायला पैसे देऊ नयेत, ते वाया जातात. यादीतलं सगळ्यात लहान कर्ज आधी पूर्ण फेडायचं, मग त्याहून मोठं. फेडायला ती बाई एकटी जात नाही, गटातल्या दोघी सोबत. पैसे देण्याआधी कोरा स्टँपपेपर, सही केलेला चेक, एटीएम कार्ड, गहाण दागिना यापैकी जे त्याच्याकडे असेल ते समोर ठेवायला सांगायचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. बहुतेक वेळा हे नुसतं माहीत असल्याचं दाखवलं तरी वस्तू परत मिळते.

मायक्रोफायनान्सचं कर्ज वेगळं. ते मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत आणि वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे हे नियम २०२२ पासून आहेत.

सावकार फेडल्यानंतर हात मोकळा झालेल्या बाईने बचत चालू ठेवणं, हे पुन्हा अडकण्यावरचं औषध. दुसरं म्हणजे अपघात आणि मृत्यूसाठीचा विमा. गटातल्या प्रत्येकीचं बँक खातं जोडून २० रुपये वार्षिक हप्त्याचा सुरक्षा (अपघात) विमा आणि पन्नाशीच्या आतल्यांसाठी ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा एका बैठकीत भरून घ्या. दोन्हीत दोन लाखांचं संरक्षण आहे. हप्ता मे अखेरीस खात्यातून कापला जातो, त्या आठवड्यात खात्यात पैसे असतील हे बघणं सचिवाचं काम. घरात बांधकामावर जाणारं कोणी असेल तर वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा.

बँकेचं कर्ज

सहा महिने गट चालू राहिला की बँक कर्जाचा विचार करते. खातं किती जुनं यापेक्षा गट किती महिने चालतोय हे धरायचं असतं. गावात उमेद, म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कर्मचाऱ्यांकडे, शहरात पालिकेच्या समाज विकास किंवा नागरवस्ती विकास विभागाकडे जा. अधिकारी गट तपासायला येतो तेव्हा वही, हजेरी आणि वसुली बघतो. सगळी वही एकाच शाईत, एकाच रात्री लिहिलेली असली तर ते लगेच कळतं.

ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला १० लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही आणि ठेव ठेवायची अटही घालता येत नाही. भाजीवाल्या, फेरीवाल्या बाईला गटाबाहेर पीएम स्वनिधीचं कर्जही मिळतं. २०२५ मध्ये त्याचा पहिला टप्पा १०,००० वरून १५,००० झाला. त्यासाठी पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं.

सगळ्यात मोठी चूक या टप्प्यावर होते. दीड लाख आले की बारा जणींत १२,५०० प्रमाणे वाटून टाकतात. जिला ४०,००० ची शिलाई आणि पिको मशीन घ्यायची होती तिचं अडतं, जिला गरज नव्हती तिचे लग्नकार्यात उडतात आणि हप्ता मात्र सगळ्यांना सारखा. मागणीनुसार वाटा, ज्यांना आज नको त्यांनी पुढच्या फेरीत घ्यावं. एकीच्या नावावर दुसरीने उचललेलं कर्ज तर गट मोडायचं सगळ्यात खात्रीचं कारण. वहीत जिचं नाव, तिच्याच हातात बैठकीत पैसे द्या.

हप्ता चुकला तर आधी कारण विचारा. आजारपण, काम सुटणं असेल तर मुदत वाढवायचा ठराव करा आणि तो लिहा. तोंडी सवलत दुसऱ्या बैठकीत भांडण होऊन परत येते. नवरा कर्ज मागायला आला तर उत्तर एकच: अर्ज सभासदाने बैठकीत करायचा.

कोणी सोडून गेलं तर

खोली बदलून जाणारीचा हिशेब असा: तिची बचत, अधिक तिच्या वाट्याचा नफा, वजा तिच्याकडचं बाकी कर्ज. दीड वर्षाच्या गटात तिची बचत ३,६००, वाट्याला आलेला नफा ४००, बाकी कर्ज १,५०० असेल तर हातात २,५००. पैसे एका महिन्याच्या आत, बैठकीतच, सही घेऊन द्यायचे. तिच्या जागी नवी बाई घेतली तर तिने मागची सगळी बचत एकदम भरावी असा आग्रह नको, ती हप्त्याने भरेल. तोपर्यंत नफ्यात वाटा नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी सांगा.