सिलिंडर जड, शेगडी मंद: मोठा गॅस वापरताना या चुका टाळा

थंडीची लग्नसराई आली की आचारी लोकांचे फोन सुरू. "गॅस संपला, पण सिलिंडर जड लागतोय." अरे संपला नाही बाबा, गारठलाय.

आत प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, तेही द्रव. एक किलो द्रवाचा वायू व्हायला साधारण 350 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती सिलिंडर स्वतःतूनच काढतो, माठ गार होतो तसंच. एका 19 किलोच्या सिलिंडरवर तीन भट्ट्या जोडल्या की ओढ एवढी होते की बाहेरून बर्फ धरतो, दाब पडतो, ज्योत बसते. त्यात प्रोपेन उकळतं उणे 42 अंशाला आणि ब्युटेन शून्याच्या जरासं खाली, म्हणजे प्रोपेन आधी जास्त निघून जातं आणि तळाला राहतं ते ब्युटेन. 20 अंशाला प्रोपेनचा दाब हवेच्या आठपट, ब्युटेनचा जेमतेम दुप्पट, मग नाशिकजवळच्या निफाडच्या गारठलेल्या पहाटे ते काय जोर लावणार?

तिथलीच गोष्ट. जानेवारी, भाताचं आधण अजून उकळलेलं नाही, वऱ्हाड दारात, आणि एका शहाण्या पोऱ्याने सिलिंडर सरळ आडवा पाडला. ज्योत वाढली खरी, कारण वायूऐवजी द्रवच नळीत घुसला आणि द्रवाचा वायू होताना तो अडीचशे पट फुगतो. माणसाएवढा भडका, मांडवाची झालर पेटली. कुणीतरी व्हॉल्व्ह बंद केला म्हणून निभावलं, भात कच्चाच राहिला ते वेगळं.

दुसरे शहाणे उकळतं पाणी ओततात किंवा खाली शेगडी लावतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, सामान उचलून निघतो. मी पहिल्यापासूनच दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडतो, ओढ वाटली जाते. भाड्याचे चार पैसे वाचवायला एकावरच भागवणारे मला पटतच नाहीत.

दाब दाखवणारं गेज बघून "अर्धा आहे" म्हणू नका. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमान आणि मिश्रणावर ठरतो, किती उरलाय त्यावर नाही. वजन करा, रिकाम्याचं वजन सिलिंडरवरच लिहिलेलं असतं. नाहीतर बर्फाची रेघ बघा, द्रव साधारण तिथवर.

वास आला की वरचा पंखा लावणं बिनकामाचं आणि धोक्याचंही, बटणाच्या ठिणगीनेच पेटायचं. गॅस हवेपेक्षा दीड-दोन पट जड, खाली साचतो. बटणाला हात न लावता दारं उघडा.

आणि मोठ्यातून छोट्यात गॅस गच्च भरून घेणाऱ्यांनो, हा द्रव तापला की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, म्हणूनच कंपनी वर जागा रिकामी सोडते.